बारापैकी अकरा: एका गहाळ नकाशाचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. अठराव्या शतकात छापलेला, समुद्रप्रवासाच्या वर्णनाचा एक खंड एका संशोधकाने दिवसभर दुर्मीळ ग्रंथांच्या वाचनकक्षात वापरला आणि संध्याकाळी परत केला. ग्रंथालयातली सहायक म्हणून परतीची तपासणी माझ्याकडे होती. ग्रंथाच्या सुरुवातीला बाइंडरसाठी छापलेली यादी होती: बारा कोरीव चित्रं आणि नकाशे, आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या पानासमोर लावायचं तो आकडा. यादी पुढ्यात ठेवून मी मोजत गेले. अकरा भरली. १४९व्या पानासमोर यायचा नकाशा नव्हता. तिथे, १४८ आणि १४९ या पानांच्या मधल्या खाचेत, जाड कागदाची एक अरुंद पट्टी तेवढी उभी होती. संशोधक अजून कक्षातच होते, टिपणं आवरत होते.

नकाशा कधी गेला, कोणाच्या हातून गेला आणि त्या वेळी समोर असलेल्या माणसाशी आम्ही कसं वागायचं, हे तीन प्रश्न त्या क्षणी एकदमच उभे राहिले. या कामात नव्याने येणाऱ्यांनी ते वेगवेगळे ठेवायला शिकावं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. असा नकाशा नाहीसा झाला तरी तो वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात का येत नाही? त्या काळात मजकूर खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) जुळवून छापला जाई, आणि चित्रं व नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या आणि बहुधा जाड कागदावर छापले जात. मजकुराचे फर्मे (अनेक पानं एकत्र छापलेले मोठे कागद) घडी होऊन शिवणीत जात. चित्रांचे सुटे कागद बाइंडर नंतर त्यांच्यात चिकटवी किंवा शिवणीत अडकवी. त्यामुळे मजकुराचं पान हरवलं तर पृष्ठांक तुटतो, वाक्य तुटतं, पानाखाली छापलेल्या फर्म्याच्या खुणेचा क्रम तुटतो. नकाशा गेला तर यातलं काहीच तुटत नाही. १४८ नंतर १४९ येतं, वाक्य सरळ पुढे जातं. उणीव दाखवणारी एकच वस्तू ग्रंथात असते, ती म्हणजे बाइंडरची यादी. तीही प्रत्येक ग्रंथात नसते, आणि असली तरी ती वाचत कोण बसतो? सहायकाने बसावं, असं माझं मत आहे.

आमच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) या खंडाच्या नोंदीत ‘चित्रे व नकाशांसह’ एवढंच होतं. किती, ते नव्हतं. सकाळी ग्रंथ देताना बांधणी, सुटे फर्मे आणि मुखपृष्ठ तपासून तो दिला गेला होता. चित्रं मोजली गेली नव्हती, कारण तशी पद्धतच नव्हती. देताना मोजणी नाही आणि घेताना मात्र मोजणी, अशा व्यवस्थेत उणीव सापडली की संशय आपोआप शेवटच्या वाचकावर जातो. त्यात त्याचा दोष असो वा नसो.

पहिली पंधरावीस मिनिटं

मी ग्रंथ बंद केला नाही. फोमच्या टेकूंवर तो जसा उघडा होता तसाच ठेवला, त्या जागी आम्लमुक्त कागदाची खूण घातली आणि सहकाऱ्याला खुणेने बोलावलं. दोघींनी मिळून पुन्हा यादी पडताळली. हे महत्त्वाचं आहे: उणीव दोन माणसांनी पाहिलेली असावी, आणि ती पाहिल्याची वेळ तिथल्या तिथे लिहिलेली असावी. मग ग्रंथपालबाईंना बोलावलं. तोवर मी संशोधकांना फक्त इतकंच म्हटलं, “सर, ग्रंथाची तपासणी चालू आहे, थोडा वेळ थांबाल का?” त्यांच्या कागदांना हात लावला नाही, आवाज चढवला नाही, बाकीच्या वाचकांना कळेल असं काही केलं नाही. पिशव्या आणि कोट कक्षाबाहेर कपाटात ठेवायचे, आत फक्त पेन्सिल आणि सुटे कागद आणायचे, जाताना कागद टेबलावर दाखवायचे, हा नियम सगळ्यांना सारखाच लागू असतो. त्याच नियमाने त्यांचे कागद पाहिले गेले. त्यांत नकाशा नव्हता.

ग्रंथपालबाई आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, “या खंडात १४९व्या पानासमोर एक नकाशा असायला हवा. तुम्ही पाहिलात का?”

“नाही ना मॅडम,” ते म्हणाले. “मी त्याच्यासाठीच हा खंड मागवला होता. यादीत आहे, पण जागेवर सापडला नाही. मला वाटलं, तुमच्या प्रतीत तो पहिल्यापासूनच नसेल.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्हाला माहीतच असेल असं वाटलं.”

या उत्तरावर पुढे आमच्यात बराच वाद झाला. माझ्या अनुभवात हे अगदी खरं आणि नेहमीचं उत्तर आहे. वाचकाला उणीव दिसते, पण ग्रंथालयाला आपल्या ग्रंथांची खडान्‌खडा माहिती असते असं तो गृहीत धरतो. शिवाय उणीव दाखवली तर आळ आपल्यावरच येईल, अशी भीतीही असते. ती भीती निराधार नाही, हे त्याच संध्याकाळी दिसलं.

मतभेद

ग्रंथपालबाईंचं म्हणणं असं की, उलगडा होईपर्यंत या वाचकाचं ओळखपत्र थांबवावं. त्यांच्या बाजूने वजनदार उदाहरण होतं. ८ जून २००५ रोजी येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात वाचनकक्षाच्या जमिनीवर पडलेलं एक धारदार पातं तिथल्या कर्मचारी बाईंच्या नजरेस पडलं. त्यांनी ते दुर्लक्षिलं नाही, आणि त्यातून एडवर्ड फोर्ब्ज स्मायली हा नकाशांचा नामांकित व्यापारी पकडला गेला. तो अनेक ग्रंथालयांत ओळखीचा, आदराने वागवला जाणारा वाचक होता. पुढे त्याने निरनिराळ्या संस्थांमधून ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. कर्मचाऱ्यांनी सभ्यपणाच्या भिडेने गप्प बसू नये, हा त्या प्रकरणाचा बाईंनी घेतलेला अर्थ होता, आणि तो बरोबरच आहे.

पण त्याच प्रकरणाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चोर सापडल्यावर ग्रंथालयांनी आपापले ग्रंथ उघडून पाहिले, तेव्हा कबुलीत नसलेले आणखी नकाशेही गहाळ निघाले. ते त्यानेच नेले, दुसऱ्या कोणी नेले, की शंभर वर्षांपूर्वीच गेलेले होते, हे ठरवायचं कशाच्या आधारावर? प्रतीतली चित्रं कधी मोजून लिहिलेली असतील तरच ते ठरवता येतं.

दुसरं असं की, संशयाचं तोंड नेहमी टेबलाच्या पलीकडेच का असावं? पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात २०१७ साली दुर्मीळ संग्रहाचं मूल्यांकन करायला माणसं आली, तेव्हा मोठ्या प्रमाणात ग्रंथ, नकाशे आणि पानं नाहीशी झालेली आढळली. २०२० साली गुन्हा कबूल करणाऱ्यांत त्या संग्रहाचा खुद्द व्यवस्थापकच होता. माल बाहेर विकणारा ग्रंथविक्रेता त्याचा साथीदार. वर्षानुवर्षं चाललेली ती चोरी होती. तिथल्या वाचकांची कितीही झडती घेतली असती तरी काही हाती लागलं नसतं. म्हणून मी ग्रंथपालबाईंना म्हटलं, “ग्रंथ आधी जतनतज्ज्ञांना दाखवू या. ओळखपत्र त्यानंतर थांबवता येईल. आज थांबवलं आणि उद्या चुकीचं ठरलं, तर ते परत देऊन भरून निघणार नाही.” त्या तयार झाल्या, मात्र तोवर या वाचकाला फक्त आमच्या टेबलासमोरची जागा द्यायची, या अटीवर. ही तडजोड मला पूर्ण पटली नव्हती; पण त्या जागी सगळेच वाचक आलटून पालटून बसतात, त्यामुळे त्यांचा अपमान होणार नव्हता.

ग्रंथाने दिलेला पुरावा

दुसऱ्या दिवशी जतनतज्ज्ञांनी ग्रंथ पाहिला. मी मदतीला होते: प्रकाश धरणं, मापं घेणं, लिहून घेणं. या प्रकरणाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे रेंगाळते.

पहिला प्रश्न, या प्रतीत नकाशा कधी होता का? पट्टी दिसली म्हणजे काहीतरी कापलंच असं नाही. जाड चित्रं बसवण्यासाठी बाइंडर मुद्दाम अरुंद पट्ट्या शिवतात. छपाईत चुकलेलं पान कापून त्या जागी नवं चिकटवलं, तर तिथेही तशीच कड उरते. ही पट्टी बोटांनी चाचपून पाहिली तर मजकुराच्या पानांहून स्पष्टपणे जाड लागत होती, आणि उरलेल्या अकरा चित्रांच्या कागदाशी तिची जाडी जुळत होती. (हे बोटांना कळतं म्हणूनच कागदी ग्रंथांसाठी आम्ही सुती हातमोजे वापरत नाही. हातमोज्यांनी स्पर्श बोथट होतो आणि पानाची कड अडकून फाटू शकते. स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात उत्तम. छायाचित्रांची गोष्ट वेगळी. तसंच एकोणिसाव्या शतकातल्या हिरव्यागार कापडी बांधण्यांचीही. त्या रंगात आर्सेनिक असू शकतं, तिथे नायट्रिलचे हातमोजे हवेतच.)

मग १४९वं पान तिरप्या प्रकाशात धरलं. कोऱ्या समासात चौकोनी दाब उमटलेला दिसला. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना कागद पत्र्याच्या कडेने दबतो, आणि तो उंचसखलपणा समोरच्या पानावरही हलकेच उठतो. त्या चौकोनाच्या आत, मजकुराच्या ओळींवर, फिकट तपकिरी रेषांचं जाळं होतं. सहज पाहिलं तर कागदाचे डागच वाटावेत. जतनतज्ज्ञांनी त्याचं छायाचित्र काढून आरशासारखं उलटं केलं आणि दुसऱ्या एका ग्रंथालयाने खुल्या केलेल्या प्रतिमेशेजारी ठेवलं. किनारपट्टीची वळणं, नदीचं मुख आणि दिशादर्शक चक्र रेषेला रेष जुळलं. शाईतलं तेल दाबाखाली समोरच्या कागदात उतरतं आणि काळाबरोबर तपकिरी होतं. म्हणजे नकाशा या प्रतीत नक्की होता, आणि दीर्घकाळ होता.

दुसरा प्रश्न, तो कधी गेला? इथे सगळ्यांची नजर पट्टीच्या कापलेल्या कडेकडे गेली. कड उजळ होती. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “काप ताजा दिसतोय.” मलाही क्षणभर तसंच वाटलं. जतनतज्ज्ञांनी सबुरीने घ्यायला सांगितलं. ग्रंथाच्या बाहेरच्या कडा हवा, धूळ आणि उजेडाने काळवंडतात. शिवणीजवळच्या खाचेत यातलं फारसं काही पोचत नाही. तिथली कड पन्नास वर्षांनीही उजळ राहू शकते. रंगावरून कापाचं वय ठरवू नये, हे त्या दिवशी मी वहीत ठळक लिहून ठेवलं.

उत्तर मिळालं ते वेगळ्याच खुणेतून. १४८ आणि १४९ या दोन्ही पानांवर, वरच्या भागात, एक तपकिरी उभा आयत होता. कोणीतरी कधीकाळी वर्तमानपत्री कागदाचं चिठोरं खूण म्हणून घातलेलं होतं. हा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. जुना होताना त्यातून आम्ल सुटतं आणि शेजारच्या कागदाला ते भाजून काढतं. असे आयत दुर्मीळ ग्रंथांत सर्रास दिसतात आणि आपण ते ‘डाग’ म्हणून लिहून पुढे जातो. पण इथे दोन्ही पानांवरचे आयत सारख्याच गडदपणाचे होते, कडा सारख्याच रेखीव होत्या. चिठोरं घातलं तेव्हा मध्ये नकाशा असता, तर चिठोऱ्याचा स्पर्श एका पानाला आणि नकाशाला झाला असता. जाड कागदापलीकडच्या पानावर उमटलाच तर फिकट, पसरट डाग उमटला असता.

याहून पक्का पुरावा पट्टीवरच होता. चिठोरं खाचेत खोलवर सरकवलेलं होतं, त्यामुळे १४८व्या पानावरचा आयत शिवणीकडे जाता जाता पट्टीवर चढत होता. पट्टी चिमट्याने अलगद उचलली. तिच्याखालचं पान स्वच्छ होतं. तपकिरी रंग पानावर नेमका पट्टीच्या कापलेल्या कडेपाशी थांबला होता आणि तिथून पट्टीच्या पृष्ठभागावर सुरू झाला होता. म्हणजे चिठोरं त्या जागी असताना ही पट्टी आज आहे तेवढीच रुंद होती. नकाशा आधी कापला गेला, चिठोरं नंतर आलं आणि असा भाजल्याचा डाग पडण्याइतकी वर्षं तिथे राहिलं.

मग ते चिठोरं गेलं कुठे? त्याचं उत्तर आमच्याच जुन्या वहीत सापडलं. बऱ्याच वर्षांपूर्वी संग्रहातल्या खुणेच्या चिठ्ठ्या, वाळलेली फुलं, टाचण्या काढून टाकण्याची मोहीम झाली होती. काय काढलं, कुठून काढलं, हे त्या वेळच्या सहायकाने ग्रंथवार लिहून ठेवलं होतं. या खंडापुढे पेन्सिलीने नोंद होती: पान १४८–१४९, वर्तमानपत्री कागदाची पट्टी, काढली. नोंदीची तारीख संशोधकांनी आमच्याकडे नाव नोंदवण्याच्या कितीतरी आधीची. ज्याने ती ओळ लिहिली त्याला नकाशाचं काही ठाऊक नसावं. कंटाळवाणं वाटणारं काम त्याने पानाच्या आकड्यासकट, नीट अक्षरात केलं, आणि त्या ओळीने एका निरपराध माणसावरचा आळ दूर केला. माझ्या कामाबद्दल मला आदर वाटायला लावणारी इतकी चांगली गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

निर्णय

संशोधकांना ग्रंथपालबाईंनी स्वतः पत्र लिहून काय आढळलं ते कळवलं आणि त्या संध्याकाळी थांबवून ठेवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पत्रात पुराव्याची माहिती द्यावी की नुसतं ‘प्रकरण मिटलं’ म्हणावं, यावर चर्चा झाली. मी माहिती द्यावी या मताची होते. आपल्यावरचा संशय का गेला, हे माणसाला कळायला हवं; नाहीतर तो तसाच कुठेतरी शिल्लक आहे असं त्याला वाटत राहतं. पत्रासोबत दुसऱ्या ग्रंथालयातल्या त्या नकाशाच्या प्रतिमेचा संदर्भही दिला, कारण त्यांचं मूळ काम तेच होतं.

नकाशाची नोंद मात्र ‘सापडत नाही’ अशी करायची की ‘कापून नेलेला’ अशी? ग्रंथालयांची पहिली ओढ सौम्य शब्दाकडे असते: कुठेतरी चुकीच्या कपाटात असेल, सापडेल. केंब्रिज विद्यापीठ ग्रंथालयात डार्विनच्या दोन टिपणवह्या २००१च्या जानेवारीत जागेवर नसल्याचं लक्षात आलं होतं. त्या चुकीच्या जागी ठेवल्या गेल्या असाव्यात असंच बराच काळ समजलं गेलं. चोरी झाल्याचं जाहीर झालं ते २०२० साली. २०२२च्या मार्चमध्ये कोणीतरी त्या एका गुलाबी पिशवीत घालून ग्रंथालयातच ठेवून गेलं. जाहीर केल्यामुळेच त्या परत आल्या, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण जाहीर न केलेली वस्तू परत येण्याचं कारणही फारसं उरत नाही, आणि ती बाजारात आली तर विकत घेणाऱ्याला शंका येण्याचंही नाही. आम्ही ‘कापून काढलेला, काळ अनिश्चित’ असं लिहिलं. पोलिसांना कळवलं, आणि दुर्मीळ ग्रंथांचे विक्रेते हरवलेल्या वस्तूंची यादी ठेवतात तिथेही वर्णन पाठवलं.

त्या वर्णनात काय असावं, हे सहायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. नकाशाचं नाव आणि कोरणाऱ्याचं नाव पुरत नाही, कारण त्याच पत्र्यावरून छापलेल्या शेकडो प्रती असू शकतात. हवी असते ती आपल्याच प्रतीची ओळख. आम्ही पट्टीची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजली. काप सरळ नव्हता, वर रुंद आणि खाली निमुळता होता. म्हणजे नकाशाची शिवणीकडची कड त्याच तिरपेपणाने कापलेली असणार. १४० ते १५६ या पानांतून आरपार गेलेलं किडीचं एक बारीक भोक होतं. ते नकाशातूनही गेलेलं असणार, आणि त्याची जागा शेजारच्या पानांवरून मिलिमीटरमध्ये सांगता येते. खालच्या कोपऱ्यात ओलीचा एक जुना डाग पानोपान सरकत लहान होत जातो. नकाशावर त्याचा आकार १४८ आणि १४९ यांच्या मधला असणार. हा नकाशा कुठे निघालाच, तर या तीन खुणांनी तो आमचा आहे हे दाखवता येईल.

पद्धतीत झालेले बदल थोडे आहेत. चित्रं-नकाशे असलेला ग्रंथ देताना आणि घेताना, दोन्ही वेळा, मोजणी होते आणि ती मागणीचिठ्ठीवर लिहिली जाते. चिठ्ठीवरच वाचकासाठी एक ओळ छापली आहे: ‘काही सुटं, फाटलेलं किंवा नसलेलं आढळल्यास कृपया लिहा.’ ती ओळ आली तशा नोंदी येऊ लागल्या, बहुतेक किरकोळ, सुटलेल्या शिवणीच्या वगैरे. एकदा मोजलेली संख्या तालिकेत कायमची चढते, त्यामुळे पुढच्या वेळी काम हलकं होतं. देताना होणाऱ्या मोजणीने वाचकांचा वेळ जातो अशी तक्रार आली. ती रास्त आहे, पण मोठे नकाशासंग्रह आदल्या दिवशी मागवायला सांगून त्यावर तोड काढता येते, आणि काढली आहे.

नकाशा मिळालेला नाही. तो कोणी कापला हे कळलेलं नाही, आणि कळण्याची शक्यता मला कमी वाटते. दाखल नोंदवहीप्रमाणे हा खंड एका खासगी संग्रहातून देणगी म्हणून आला. तो येण्याआधीच नकाशा गेलेला असू शकतो. त्या काळच्या नोंदीतही चित्रांची संख्या नाही. त्याच देणगीतले बाकीचे प्रवासग्रंथ आता पहिल्यांदा मोजायला घेतले आहेत. प्रत्येकाची यादी, पान, पट्टी आणि समोरच्या पानावरचे ठसे तपासून वेगळा कागद करायचा, असं ठरलं आहे.